केरड्याला पाणी घालू नका

आमच्या अंगणात एक पाटी आहे. घराच्या नावाची नाही. ती कधीच पडली आणि कुणी उचलली नाही. ही पाटी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर मी स्वतः रंगवली आहे. अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, ठसठशीत: 'याला पाणी घालू नका.' पाटीच्या मागे एक झुडूप आहे. पान नाही, सावली नाही, नुसता हिरव्या काड्यांचा गुंता आणि पेरापेराला दोन-दोन वाकडे काटे. घरी येणारा माणूस आधी पाटी वाचतो, मग झुडपाकडे बघतो, मग माझ्याकडे. त्यानंतर दोनपैकी एक प्रश्न ठरलेला. हे मेलंय का? किंवा, हे अजून काढलं कसं नाही?

पहिल्याला मी 'नाही' म्हणते. दुसऱ्याला चहा देते आणि विषय बदलते, कारण खरं उत्तर द्यायला बसले तर चहा गार होईल. ते उत्तर इथे लिहून ठेवते.

हा केरडा. पुस्तकात त्याला नेपती म्हणतात, पण ते नाव मी मोठी झाल्यावर वाचलं. माझं माहेर नंदुरबारहून धुळ्याकडे जाताना जो कोरडा पट्टा लागतो तिथलं. गावामागे मुरमाड माळ होता आणि माळावर केरड्याची बेटं. चैत्र लागला, बाकी सगळं वाळून कोळ झालं, की हा गडी विटकरी-लाल फुलांनी भरायचा. मग त्याला वाटाण्याएवढी हिरवी फळं लागायची. ती लाल व्हायच्या आत तोडायची. आई उजव्या अंगठ्याला आणि बोटाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून निघायची आणि ऊन चढायच्या आत ओटीभर केरडे घेऊन परत यायची. कच्चा केरडा तोंडात धरवत नाही इतका कडू. म्हणून तो मीठ घातलेल्या ताकात मातीच्या मडक्यात घालून ठेवायचा, ताक बदलायचं, पुन्हा ठेवायचा. कडूपणा गेला की धुऊन, सावलीत कापडावर सुकवून, मोहरीच्या डाळीत आणि तेलात बरणीबंद करायचा.

ते लोणचं मला आवडायचं, आणि त्याची मला लाज वाटायची. दोन्ही एकदम. नंदुरबारच्या शाळेत जायला लागले तेव्हा डब्यात भाकरी आणि केरड्याचं लोणचं असायचं. बाकावरची मुलगी एकदा नाक धरून म्हणाली, हे काय, बकऱ्यांचं खाणं? त्या दिवशी मी डबा शाळेमागच्या नाल्यात उपडा केला. आईला सांगितलं, मैत्रिणींनी सगळं संपवलं. आई इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी दुप्पट भरून दिलं. तेही मी नाल्यातच टाकलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लग्न होऊन मी शहाद्याकडे, पुरुषोत्तमनगरच्या अलीकडच्या गावात आले. एसटीने दोन तासांचं अंतर, पण मुलूखच वेगळा. काळी माती, तापीचं पाणी, केळी, पपई, ऊस. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांमागे दीड-दीड तास अडकायचं. इथे माणूस माणसाला भेटला की तब्येतीच्या आधी मोटारीची चौकशी करतो. मोटार म्हणजे पाण्याची. "मोटार चालू शे का?" चालू असली की सगळं ठीक आहे असं समजायचं. लग्नानंतर महिन्याभरातच धाकट्या दिराने माझं नाव ठेवलं, 'कोरडवाहू'. हंडाभर पाण्यात मी चार माणसांची भांडी घासत होते, त्यावरून. सगळे हसले. मीही हसले. पण मी ते विसरले नाही.

नोकरीची पहिली पाच वर्षं मी धडगावच्या बाजूला शाळेवर होते. आठवड्याला जीपने घाट चढायचा, शनिवारी उतरायचा. पुढे बदली होऊन खाली आले, घराजवळच्या शाळेत. नवरा कारखान्यात नोकरीला, दीर शेती बघायचा, सासूबाई सगळ्यांना बघायच्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या उंच, हाडाच्या काटक, पाठीत बाक. त्यांचं-माझं भांडण असं कधी नव्हतं. आमचं जमत नव्हतं एवढंच, आणि ते आम्ही दोघींनी तीस वर्षं नीट सांभाळलं.

मग काही वर्षांपूर्वी एका दुपारी आईचा फोन आला. आई फोनवर कधी पाल्हाळ लावत नसे.

"माळवरना बठ्ठा केरडा काढी ऱ्हायनात," ती म्हणाली. "तुले एखादं जोयजे व्हई ते ये."

माळ सोलरच्या पाट्यांसाठी गेला होता. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. अर्धा माळ तोवर तासून सपाट झाला होता आणि पिवळं मशीन उरलेल्या अर्ध्यावर चालत होतं. केरडा उखडून उलटा टाकलेला, मुळं आभाळाकडे. लहानपणी नाल्यात टाकलेले दोन्ही डबे मला तिथे आठवले. आई सत्तरीच्या पुढची, पण तिने कुदळ माझ्या हातात दिली नाही. कुंपणाकडेच्या शेवटच्या बेटातून, मुळापासून फुटलेला वीतभर कोंब तिने स्वतः खणून काढला, लांब मुळासकट. ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे दिला.

"लावतांना एक तांब्या पानी," ती म्हणाली. "मंग त्याले भुली जाय. लाड कयात ते मरी जाई."

परतीच्या बसमध्ये तो गोणपाटातून टोचत राहिला. शेजारच्या बाईने दोनदा जागा बदलली.

आमच्या घरामागे एक कोपरा होता जिथे जुनी भिंत पाडलेला राडारोडा पडलेला असायचा. मी तोच मागितला. दीर म्हणाला, तो तर कचरा आहे. मी म्हटलं, म्हणूनच मागतेय. काळी माती गुडघाभर खोल उपसून बाहेर काढली. त्या जागी मुरूम, विटांचे तुकडे, खडी भरली. अंगणातलं पाणी तिकडे वळू नये म्हणून उंचवटा केला आणि कडेने दगड लावले. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. हे काय, समाधी बांधताय का कुणाची, असं तिने विचारलं. या गावात लोक काळ्या मातीच्या ट्रॉल्या विकत आणून परसात टाकतात. मी ती उपसून बाहेर फेकत होते. वेड लागलं असं वाटणं साहजिक होतं.

कोंब लावल्यावर आत्या बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"काटानं झाड आंगनमा?" त्या म्हणाल्या. "घरमा भांडनं व्हतस."

"भांडनं ते आधीच व्हतस, आत्या," मी म्हटलं. "आते काटाले नाव ठेवाले व्हई."

नवऱ्याला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं.

पहिलं वर्ष केरडा जिवंत आहे की मेलाय हे मलाही ठरवता येत नव्हतं. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी नखाने एक काडी खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की निघायची. दुसऱ्या वर्षी माघात बुंध्यापाशी नवीन फुटवा आला, सुईएवढी पानं घेऊन. केरड्याची पानं म्हणजे पाहुणी. चार दिवस येतात आणि जातात. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं." त्या एका शब्दात तिचं समाधान मला कळलं. पुढच्या वेळी येईन तेव्हा बघेन, असंही म्हणाली. ती कधी माझ्याकडे राहायला आली नव्हती. पाण्याच्या गावात तिला झोप लागत नाही म्हणायची, रात्रभर मोटारी वाजतात.

ती आली नाही. चैत्रातच गेली. सकाळी चूल पेटवताना बसल्या जागी. मी माहेरी गेले ती तेरावं करूनच परतले.

घरी आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. पिशवी ओट्यावर ठेवून मी आधी कोपऱ्याकडे गेले. दगडांच्या आत पाणी साचलेलं होतं, हिरवट, वर शेणाचा तवंग. केरड्याच्या काड्या पिवळ्या पडल्या होत्या. बुंधा मातीपाशी काळा झाला होता. मी हात लावला तर तो हातात आला. आतून मऊ, कुजलेला, वास मारणारा.

आत्या मागे उभ्या होत्या, हातात रिकामी बादली.

"तुन्ही माय गयी," त्या म्हणाल्या. "म्हनं, तिनं झाड तरी जगाले जोयजे. रोज दोन बादल्या टाक्यात, शेनकाला करीसन."

तीस वर्षांत या बाईने माझ्यासाठी मनापासून काही केलं असेल तर ते हे. तेरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, वाकलेल्या पाठीने, चाळीस पावलांवरून बादली वाहून. आणि त्याच प्रेमाने केरडा मेला. मला ते त्या क्षणी कळत होतं. कळत असूनही मी म्हटलं, "आत्या, तुम्ही मन्ही माय दुसरांदा मारी."

त्यांच्या हातातली बादली खाली पडली नाही की काही नाही. त्यांनी ती नीट पालथी घातली आणि घरात गेल्या. मी ते वाक्य मागे घेतलं नाही. नवऱ्याने रात्री सांगून पाहिलं, दिराने पाहिलं, मी नाही म्हटलं. ज्याला जे वाटतं ते वाटतं.

पुढे सावकाश मला आत्यांचा हिशेब उमगला. पाइपलाइन येण्याआधी या गावातही पाणी नदीवरून आणायचं, आणि ते आणायचं काम सुनेचं. आत्या सून म्हणून आल्या तेव्हा दिवसाला किती खेपा करायच्या ते त्या सांगत नाहीत, त्यांची पाठ सांगते. अशा बाईच्या दारात काहीतरी वाळलेलं उभं आहे आणि ती पाणी घालत नाही, हे तिच्या लेखी पापच. उपाशी पाहुण्याला दारात उभं ठेवण्यासारखं. अख्ख्या गावाचीच ही समजूत: जे सुकलेलं दिसतं त्याला पाणी हवं असतं. आमच्या माळावरची माणसं ही चूक कधी करणार नाहीत. त्यांच्याकडे चूक करण्याइतकं पाणीच नसतं. मला हे सगळं समजलं. समजलं म्हणून राग गेला, असं मात्र झालं नाही.

मी पुन्हा माहेरी गेले, दुसरा कोंब आणायला. माळावर तारेचं कुंपण, आत निळ्या-काळ्या पाट्यांच्या रांगा, खाली जमीन झाडून काढल्यासारखी. भावाने मोटरसायकलवरून तीन गावं फिरवली. जिथे विचारावं तिथे लोक हात आडवा करायचे: होता, इथेच होता. शहाद्याच्या एका नर्सरीत विचारलं तर तो माणूस म्हणाला, मॅडम, काटेरीच पाहिजे तर ड्रॅगन फ्रूट न्या. मोलगीच्या बाजारात, जिथे डोंगरातला कंद, पाला, डिंक सगळं मिळतं, तिथे एका म्हातारीला खुणा करून, काट्यांचं चित्र काढून विचारलं. तिच्या शेजारी पाला विकणाऱ्या बाईने तिचं बोलणं मला मराठीत सांगितलं. म्हातारी म्हणत होती की हे झाड आमच्या डोंगरातलं नाही, ते तुमच्या खालच्या रानातलं. तुमचं झाड तुम्हीच संपवलं, आता आमच्याकडे काय मागता?

मी पावशेर डिंक घेतला आणि जीपमध्ये बसले.

घरी कोपऱ्यात खड्डा राहिला होता. कुजलेलं सगळं काढून टाकलं, ओला मुरूम उपसून नवा कोरडा भरला, मधे वीतभर खोलगट जागा ठेवली. आणि मी जाहीर करून टाकलं, या जागेत दुसरं काही लागणार नाही. दिराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. घरामागचं सगळं अंगण सपाट करून ब्लॉक बसवायचे आणि गाडीसाठी शेड करायची असं ठरत होतं. दीर नकाशा घेऊन आला, त्यात माझा कोपरा नव्हता.

"तो खड्डा शे," नवरा मला समजावायला लागला. "खड्डासाठे कोनी भांडस का?"

"मी भांडस," मी म्हटलं.

आणि भांडले. वर्षभर. शाळेतून आले की खड्ड्याशेजारी खुर्ची टाकायची आणि तिथेच वह्या तपासायच्या. कुणी तिकडे बादली घेऊन आलं की मान वर करून बघायची. गावात बोभाटा झाला, आई गेल्यापासून बाईचं डोकं फिरलंय, रिकामा खड्डा राखत बसते. बसते तर बसते. आई म्हणाली होती त्याला विसरून जा, तेवढं मात्र मला जमत नव्हतं. मुळाचा एखादा तुकडा खाली जगला असेल, असं मी मनाशी धरून होते. ते खरं वाटत होतं असं नाही, सोडवत नव्हतं.

शेवटी दीर कंटाळला. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. ठीक आहे, म्हणाला, वहिनीचा खड्डा सोडून बाकी सगळं करू. शेड खड्ड्याच्या पलीकडे, भिंतीला लागून, जिथे आत्यांची गोवऱ्यांची पडवी होती तिथे. मी लगेच हो म्हटलं. मी जिंकले होते. गोवऱ्यांच्या पडवीशी माझा काय संबंध?

माणसं आली, ब्लॉकचे ढीग पडले, जमीन दाबायचं मशीन आलं. ते चालू झालं की घरातली भांडी वाजायची. रविवार होता. मी खड्ड्यापाशी खुर्ची टाकून बसले होते, कुणी चुकून इकडे येऊ नये म्हणून. आत्या सकाळपासून पडवी रिकामी करत होत्या. गोवऱ्यांना कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. रचलेल्या त्यांनी, काढायच्याही त्यांनीच. एकेक गोवरी टोपलीत, टोपली डोक्यावर, पुढच्या दारी. मशीनवाला दोनदा येऊन बघून गेला, आजी, किती वेळ?

मग आत्या भिंतीच्या कडेने चालत माझ्याकडे आल्या. वर्षभरात त्या आपणहून या कोपऱ्यात आल्या नव्हत्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता. बोटातून रक्त येत होतं, जाड, काळसर थेंब. त्यांनी ते बोट माझ्या तोंडासमोर धरलं.

"तुन्ही माय जित्ती शे," त्या म्हणाल्या. "मले चावनी."

मी पडवीकडे धावले. पडवीत गोवऱ्यांची शेवटची रांग उरली होती आणि भिंतीच्या पायाशी, कोरड्या मुरमातून, दोन हिरवे कोंब वर आले होते. बोटाएवढे. अंधारात वाढल्यामुळे फिकट, पण काटे पुरते. मूळ माझ्या खड्ड्यापासून सात-आठ हात भिंतीच्या आडोशाने जाऊन तिथे फुटलं होतं, जिथे आत्यांचं पाणी पोचलं नाही, पावसाचंही नाही. वर्षभर मी चुकीची जागा राखली. खरी जागा मान डोलावून मशीनच्या हवाली मीच केली होती.

आत्या गप्प बसल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. पाच मिनिटांत त्यावर मशीन फिरलं असतं, वर ब्लॉक बसले असते, वर गाडी. काट्याचं झाड अंगणात नको म्हणणाऱ्या त्या. आणि मी त्यांना काय बोलले होते ते त्यांच्या लक्षात होतं. नाहीतर ते वाक्य त्यांच्या तोंडून असं आलं नसतं.

मशीनवाला पुन्हा आला. आत्यांनी रक्ताचं बोट त्याच्याकडे रोखलं.

"बंद कर रे ते! अठे काही बसाडानं नई."

दीर धावत आला. आई, लग्न तोंडावर आलंय, शेड कुठे करू? आत्या उरलेल्या गोवऱ्यांवर बसून राहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. नवरा तेवढ्यात बाहेर आला, आम्हा दोघींना एका ओळीत बसलेलं बघितलं, आणि तसाच आत परत गेला. शहाणा माणूस आहे.

म्हणून आमच्या अंगणातली ब्लॉकची रांग मधेच वाकडी होते आणि शेड हवी होती त्यापेक्षा चार फूट तोकडी आहे. गाडीचं नाक उन्हात राहतं. तिच्या दरवाज्यावर केरड्याचा एक लांब ओरखडा आहे, त्याबद्दल मी माफी मागितलेली नाही. पडवीचं छप्पर मी काढलं, मुरूम आणून कडेने रचला, खड्डा बुजवला आणि पाटी रंगवली. पाटीची गरज होती कारण लग्नाचे पाहुणे. हात धुऊन झाले की उरलेलं पाणी कुठल्यातरी झाडाला घालायची इथे प्रत्येकालाच सवय.

खरी पाटी मात्र आत्याच. दुपारी ओट्यावर बाज टाकून पडलेल्या असतात. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पण कुणी तांब्या घेऊन तिकडे वळलं की पावलांवरून ओळखतात.

"पानी नको टाकू रे! मरी जाई ते!"

दिरालाच त्यांनी परवा पळवून लावलं. तो म्हणाला, मी गाडी धुतोय. त्या म्हणाल्या, तुन्ही गाडी तठे धू, रस्तावर.

आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. माझं वाक्य अजूनही तिथेच आहे आणि त्यांचंही. पण एक सांगते, कुणी मला आता कोरडवाहू म्हटलं तर मी 'हो' म्हणते, आणि तो शब्द नीट उच्चार असं सांगते.

यंदा चैत्रात त्याला पहिल्यांदा फुलं आली. मूठभर केरडे धरले. मी अंगठ्याला चिंधी बांधून ते तोडले आणि तोडून झाल्यावर हातात घेऊन बसून राहिले. किती दिवस ताकात ठेवायचे, ताक किती वेळा बदलायचं, हे मी आईला कधी विचारलंच नव्हतं. भावजयीला फोन केला, तिलाही माहीत नव्हतं. तिच्या घरी बाजारचं लोणचं येतं. आता रोज एक चाखून बघायचा, कडूपणा जाईपर्यंत, दुसरा उपाय नाही. तोवर उरले तर लोणचं.

पण ते ताकात घालायच्या आधी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे घागर भरतात. मातीची नवी घागर पाण्याने काठोकाठ भरायची, तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर खरबूज, शेजारी आंबे, आणि घरातून गेलेल्यांच्या नावाने पुजायची, त्यांना उन्हाळ्यात तहान लागू नये म्हणून. घरातून म्हणजे सासरच्या घरातून. बाईच्या माहेरच्या माणसांची घागर तिचा भाऊ तिकडे भरतो, बाईने भरायची पद्धत नाही.

मी कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. एक नेहमीच्या जागी मांडली, सासऱ्यांच्या आणि त्यांच्या आधीच्यांच्या नावाने. दुसरी, लहान, तिच्या शेजारी. नवऱ्याने विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, मन्ही मायनी. तो आत्यांकडे बघायला लागला. दीरही बघायला लागला. देवघरात सगळे उभे होते.

आत्या भिंतीला धरत पुढे आल्या. पहिल्या घागरीत त्यांनी तांब्याने पाणी ओतलं, दरवर्षीसारखं, एक थेंब न सांडता, काठापर्यंत. मग तांब्या पुन्हा भरून घेतला आणि दुसऱ्या घागरीवर वाकल्या. नीट दिसत नाही म्हणून आधी हात आत घातला. तळाशी मूठभर हिरवे केरडे होते, तेवढेच.

त्या तशाच वाकून राहिल्या, एक हात घागरीत, एका हातात भरलेला तांब्या. मग त्यांनी हात बाहेर काढला, आणि पाण्याने भरलेला तांब्या सावकाश खाली ठेवला.